व्याह्यांसाठी एकशे ऐंशी तुकडे

४ जानेवारी

निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि आज हिने मला कोपरापासून हात जोडले. "अहो, काहीतरी करा. काहीही करा. फक्त माझ्या स्वयंपाकघरात करू नका." मी फक्त डबे उंचीप्रमाणे लावले होते. चांगल्याचे दिवसच राहिले नाहीत.

तर मी लाकडी जिगसॉ बनवणार आहे. फळीवर चित्र चिकटवायचं, करवतीने त्याचे वेडेवाकडे तुकडे करायचे आणि ते जुळवत बसायला दुसऱ्याला द्यायचे. नकाशांच्या ऑफिसात चौतीस वर्षं रेघा मारल्या. अर्ध्या मिलिमीटरची चूक मला रस्त्याच्या पलीकडून दिसते. हे काम माझ्यासाठीच आहे.

खरं कारणही लिहितो, वही माझीच आहे. मागच्या वर्षी लेकीच्या नव्या घरात तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, पुस्तकांचं कपाट करून दिलं. त्यांचं प्लायवुडचं दुकान आहे. मी सहज म्हटलं की मधला खण चार मिलिमीटर झुकलाय. सहज म्हणजे पट्टी लावून, पाहुण्यांसमोर. त्यावर हे गृहस्थ म्हणाले, "कागदावर रेघा मारणाऱ्यांनी लाकडात नाक खुपसू नये." सगळे हसले. ही पण हसली! तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दहा महिने झाले. त्यांनी माफी मागावी, मी बोलेन.

लाकडात नाकच काय, दोन्ही हात घालून दाखवतो.

७ जानेवारी

लेकीचा फोन आला. जावयांना परदेशात नोकरी मिळाली. अठ्ठावीस फेब्रुवारीला दोघं निघणार, चार वर्षांसाठी. मी म्हटलं, वा, छान. दुसरं काय म्हणणार?

मग म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एकदा तुम्हा दोघांना एका टेबलाशी जेवताना बघायचंय. मला दुसरं काही देऊ नका."

मी म्हटलं, "त्यांना माफी मागायला सांग."

"तेही हेच म्हणतात," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. पण चार मिलिमीटर म्हणजे चार मिलिमीटर.

११ जानेवारी

पहिला प्रयोग एमडीएफवर. एमडीएफ म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. कापायला लोण्यासारखी, हे खरं. पण धूळ इतकी बारीक उडते की मी एका दमात सतरा वेळा शिंकलो. तुकड्यांच्या कडा कापसासारख्या पिंजल्या. घामट हातात धरलेला तुकडा फुगला आणि जागेवर बसेना. हिने मला सामानासकट मागच्या गॅलरीत हलवलं आणि दार लावून घेतलं.

एमडीएफ बाद.

१५ जानेवारी

प्लायवुड आणलं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणलं, कारण बरं प्लायवुड मिळणारं जवळचं एकच दुकान आहे आणि त्याची पायरी चढण्यापेक्षा मी शहाबादी फरशीवर चित्र चिकटवीन. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "एक नंबर माल, साहेब." कापल्यावर आत पोकळ्या निघाल्या. नाजूक मानेचे तुकडे तिथेच मोडले, उरलेल्यांचे पापुद्रे सुटले.

त्यात करवतीची पाती. या करवतीला दुकानात फ्रेट सॉ म्हणतात, धनुष्यासारखी असते, पातं केसाएवढं. आज अकरा पाती तुटली. मी म्हटलं, पाती भिकार आहेत. ही दाराआडून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." दार लावून घेतलं की ऐकू कमी यायला हवं. हिला जास्त येतं.

१८ जानेवारी

चमत्कार झाला. ही बाहेरून येताना बगलेत प्लायवुडची फळी घेऊन आली. तीन मिलिमीटर जाड, त्यात पाच पातळ थर, एकही पोकळी नाही. टेबलावर ठेवून चारी कोपरे दाबले, कुठेच हलली नाही. मी तिच्यावरून हातच फिरवत बसलो.

"कुठून आणलंस?"

"आहे एक जण ओळखीतला. मैत्रिणीच्या घरातला."

त्या भल्या माणसाने निरोपही पाठवलाय. पात्याचे दात खाली येतील असं पातं लावा. फळीखाली एक रद्दी फळी ठेवा, म्हणजे मागची बाजू छिलणार नाही. आणि महत्त्वाचं: करवत वळवू नका, ती जागेवर राहू दे, फळी वळवा. मी करून पाहिलं. संध्याकाळपर्यंत एकच पातं तुटलं, तेही पायाखाली येऊन.

मी हिला म्हटलं, "असा जाणता माणूस व्याही म्हणून मिळाला असता तर? पण आमचं नशीब!" ही एकदम उठून आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

२३ जानेवारी

गोंदाने आठवडा खाल्ला. ऑफिसातला कागदाचा गोंद लावला तर चित्राला सुरकुत्या पडल्या. बोटाने फासला तर फुगे आले. नमुन्याला माझा स्वतःचा फोटो घेतला होता, कपाळावर टेंगूळ आलं. ही म्हणाली, राहू दे, शोभतं.

पुन्हा त्याच सद्गृहस्थांचा निरोप: सुताराचा पांढरा गोंद घ्या, रबरी रूळ फिरवून अगदी पातळ पसरा, वर कागद ठेवा आणि जाड पुस्तकांखाली दिवसभर दाबून ठेवा. जमलं! मी त्यांना माझ्या सर्वोत्तम अक्षरात, काळ्या शाईत, आभाराचं पत्र लिहिलं. "आपल्यासारखी लाकूड कळणारी माणसं हल्ली दुर्मिळ झाली आहेत. या क्षेत्रात काही लोक केवळ दुकान आहे म्हणून मिरवतात." हिने पत्र दोनदा वाचलं आणि नक्की पोचवते म्हणाली. नाव विचारलं तर म्हणते, ते लाजाळू आहेत.

१ फेब्रुवारी

आज मला एक दुष्ट कल्पना सुचली. इतकी सुंदर की गॅलरीत एकटाच हसलो.

व्याह्यांना जिगसॉ पाठवायचा. भेट म्हणून, गोड चिठ्ठीसह. चित्र कोणतं? आम्ही जुन्या सहलीत काढलेला फोटो: वर आकाश, खाली समुद्र, मध्ये काहीही नाही. खोक्यावर चित्र छापायचं नाही. कडा सरळ ठेवायच्या नाहीत, नागमोडी कापायच्या. चार खोटे कोपरे मधेच कुठेतरी पेरायचे. निळा आणि हिरवट रंग जिथे मिळतात तिथूनच करवत न्यायची, म्हणजे या तुकड्यावरून त्या तुकड्याचा पत्ता लागायला नको. आता बसा म्हणावं लाकडात नाक खुपसून.

वाटलं होतं ही ओरडेल. ही म्हणाली, "पाठवा की. त्यांना बरं वाटेल." बायकांना या गोष्टी कळत नाहीत.

वर म्हणाली, "माझ्यासाठीपण एक करा. लेकीच्या लग्नातला फोटो. त्याच मापाचा." म्हणजे एकशे ऐंशी अधिक एकशे ऐंशी. माझा अंगठा आधीच सुजलाय. पण डोकं अजून चालतं. दोन्ही फळ्या एकमेकींवर ठेवायच्या, कडेने चिकटपट्टीने बांधायच्या आणि एकदाच कापायच्या. एका दगडात दोन पक्षी.

हिने विचारलं, "म्हणजे याचा तुकडा त्यातही बसेल?"

"तंतोतंत! अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही."

"असं होय," ही म्हणाली, आणि न मागता दुसरा चहा आणून दिला.

६ फेब्रुवारी

चौथा दिवस. लग्नाचा फोटो वरच्या बाजूला आहे, समुद्र खाली; त्याच्या रंगांच्या रेघा आधीच वर उतरवून घेतल्या. एकशे दहा तुकडे झाले. वरच्या मजल्यावरचे विचारून गेले, घरात उंदीर झालेत का.

आज लेकीच्या चेहऱ्यापाशी आलो. गालावरून करवत न्यायची तर हातच उचलेना. शेवटी डोळे बारीक केले आणि फक्त रेघ बघितली. बावीस दिवस उरले.

१० फेब्रुवारी

झाले. दोन तबकांत दोन चित्रं, प्रत्येकी एकशे ऐंशी. मी हातपाय धुवायला गेलो तेवढ्यात हिने दोन्ही खोकी पुसून, भरून, बांधूनही ठेवली. मदतीला कधी येत नाही, आज आली. जावई येऊन व्याह्यांचं खोकं घेऊन गेले. चिठ्ठीत लिहिलं, "सवडीने जुळवावे."

१३ फेब्रुवारी

लेक फोनवर सांगत होती, व्याह्यांनी काल दुपारी दुकान बंद ठेवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा! कालपासून "याला कड कुठाय? अरे, याला कड कुठाय?" एवढंच बोलतायत. खोटे कोपरे चारही सापडले, चारही लावले, चारही चुकले. विहीणबाईंनी जेवायला हाक मारली तर म्हणाले, ताट इकडेच आणा.

आज मी दोन घास जास्त जेवलो.

१७ फेब्रुवारी

करायला गेलो एक.

सकाळी लेकीचा फोन. "बाबा, समुद्रात मी काय करतेय?"

मला काही कळेना. मग समजलं. व्याह्यांनी सगळा जिगसॉ जुळवला. सगळे तुकडे टिचून बसले. आणि समुद्राच्या बरोबर मध्यभागी आमच्या लेकीचा चेहरा आहे, मुंडावळ्यांपासून हनुवटीपर्यंत, लाटांमधून बघतोय. व्याही म्हणाले म्हणे, "मला पाण्यात बघतात ते ठाऊक होतं. पण पोटच्या पोरीला?"

मी धावत जाऊन आमचं खोकं उघडलं. ही आणि मी दुपारपर्यंत बसून सगळं जुळवलं. मांडव आहे, पाहुणे आहेत, जावई हसतायत. त्यांच्या शेजारी हार घातलेला समुद्र उभा आहे. तेवीस तुकडे. बरोबर तेवीस, सगळे चेहऱ्याचे, एकही इकडचा तिकडचा नाही. बोलाफुलाला गाठ म्हणतात ती हीच.

"घाईत होतं असं," ही म्हणाली. मलाही पटलं. तबकं शेजारीशेजारी ठेवली ती मी, मागच्या बाजूला खुणा केल्या नाहीत तो मी. चौतीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. हिला बिचारीला कशाला बोलू?

१८ फेब्रुवारी

निरोप पाठवला: आमचे तेवीस तुकडे परत पाठवावेत.

उत्तर आलं: ज्याचे त्याने येऊन न्यावेत.

मी कळवलं: ज्याला समुद्र हवा त्याने यावं.

उत्तर आलं: समुद्राची घाई नाही.

२० फेब्रुवारी

जिगसॉ जेवणाच्या टेबलावर तसाच पडलाय. ही तो उचलू देत नाही. म्हणते, कोपऱ्यावर जेवा. कोपऱ्यावर जेवतोय. जेवताना समोर नवरी दिसते आणि तिला तोंड नाही.

आज घास उतरला नाही. आठ दिवसांनी ती खरंच जाईल. मग चार वर्षं काय बघणार मी? चार मिलिमीटर बघत बसू? हिच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, भुसा गेला. गॅलरीत दहा दिवस करवत चाललेली नाही. ही पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

२१ फेब्रुवारी

गेलो.

तेवीस तुकडे पाकिटात घालून खिशात ठेवले होते. दार व्याह्यांनीच उघडलं. चष्मा कपाळावर, बोटांना निळा डाग. दोघंही दारातच उभे.

"इकडे एक काम होतं," मी म्हटलं. "म्हटलं, जाता जाता."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका," ते म्हणाले. "किती आणलेत?"

"तेवीस."

"माझ्याकडेही तेवीसच. या आत."

टेबलावर समुद्र पसरला होता. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. टेबलाच्या काचेखाली एक पत्र होतं, काळ्या शाईतलं अक्षर फार वळणदार आणि ओळखीचं वाटलं. वाचायला वाकलो तेवढ्यात विहीणबाईंनी बरोबर त्यावर चहाचा ट्रे ठेवला.

व्याह्यांनी एक तुकडा उचलून कडेवरून अंगठा फिरवला. "प्लाय बरं आहे."

"नुसतं बरं?" माझ्याने राहवेना. "पाच थर, एकही पोकळी नाही! रागावू नका, पण तुमच्या दुकानात असा माल मिळायचा नाही."

व्याह्यांना जोराचा ठसका लागला. विहीणबाई तोंडावर हात ठेवून आत पळाल्या. दोघांची तब्येत ठीक दिसत नाही. लेकीला सांगायला हवं.

मग आम्ही बसलो. एक तुकडा ते काढायचे, त्या जागी एक मी घालायचो. लेक एकेका तुकड्याने पाण्यातून बाहेर आली आणि माझ्यापुढे जमली. आधी हनुवटी, मग गाल. डाव्या डोळ्यापाशी व्याही थांबले. तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "साडेचार होता."

"काय?"

"खण. तुम्ही गेल्यावर मी पट्टी लावली. चार नाही, साडेचार मिलिमीटर झुकला होता. फळी मीच चुकीची निवडली. घरचं काम म्हणून दुकानातला उरलासुरला माल लावला. अकरा महिने मनाला लागून राहिलंय."

अर्धा मिलिमीटर माझाच चुकला होता. एरवी मी तो सोडला नसता. पण माझ्या तोंडून निघालं, "लाकूड कापणं फार अवघड असतं हो. मला काय माहीत? मी नुसत्या रेघा मारत होतो. आणि पाहुण्यांसमोर पट्टी लावायला नको होती."

"नको होती," ते म्हणाले, आणि डोळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. माफी कोणी मागितली ते आता नीट सांगता येणार नाही. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

निघताना म्हणाले, "करवत वळवत नाही ना तुम्ही?"

"छे! फळी वळवतो."

"शाब्बास," ते म्हणाले. चांगला माणूस आहे. उगाच गैरसमज झाला.

२७ फेब्रुवारी

उद्या पहाटे ती जाणार. दुपारीच सगळे लेकीकडे जमलो. घर रिकामं झालंय, कपाटसुद्धा गेलं, फक्त जेवणाचं टेबल आणि बांधलेल्या बॅगा. दोन्ही जिगसॉ तिला द्यायचे ठरले. पण व्याही म्हणाले, "असेच कसे द्यायचे? एखादा तुकडा कमी निघाला तर तिकडे कोण पुरवणार? मोजून, जुळवून, मगच पॅक करू." अगदी माझ्या मनातलं बोलले. चारलाच आम्ही टेबलाच्या दोन टोकांना बसलो. लग्न त्यांच्याकडे, समुद्र माझ्याकडे. माझाच जिगसॉ, आणि मला कड सापडेना.

"हा कोपरा," मी म्हटलं.

"खोटा आहे तो," व्याही तिकडून म्हणाले. "मी ओळखतो त्याला."

लेक ताटं घेऊन आली तेव्हा अर्धं आकाश व्हायचं होतं.

"बाबा, टेबल."

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

"दहा," व्याही म्हणाले. "मांडव राहिलाय."

ती ताटं घेऊन उभीच राहिली. मग हिने आणि विहीणबाईंनी बॅगांवर बैठक मारली आणि मांडीवर ताटं घेतली. जावई खिडकीच्या कठड्याला टेकून उभ्याउभ्याच जेवायला लागले.

"तुम्हाला एका टेबलाशी जेवताना बघायचं होतं मला," लेक म्हणाली. "एवढं एकच मागितलं होतं."

"टेबलाशीच आहोत की," व्याही मान वर न करता म्हणाले.

ती हसायला लागली. इतकी हसली की तिला ताट खाली ठेवावं लागलं, आणि मग हसता हसता रडायला लागली. आम्ही दोघं घाबरून उठायला गेलो तर ओरडली, "उठू नका! कोणी उठायचं नाही!" डोळे पुसले, एकच ताट घेतलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आमचे हात गुंतलेले होते. पहिला घास तिने त्यांना भरवला, दुसरा मला. मग पुन्हा त्यांना, पुन्हा मला, ताट संपेपर्यंत. तोंड भरलेलं असल्यामुळे मला काहीच बोलता आलं नाही, ते बरंच झालं.